मोटर चालू असताना कोरडा, लाइट गेली की गळतो: कॅनिस्टर फिल्टरचा कॉक

खानापूरहून एकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. माशांची तीन फुटी टाकी, खाली कपाटात कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डबा), चार वर्षं वापरातला. मागच्या साफसफाईनंतर वरच्या कॉकपाशी ओल दिसायला लागली. मोटर चालू असताना जवळपास कोरडं असतं, पण लाइट गेली की तासाभरात कपाटात पाणी. अधूनमधून स्प्रे बारमधून, म्हणजे पाणी टाकीत परत सोडणाऱ्या भोकांच्या नळीतून, बारीक बुडबुडे येतात. नट आवळून झाले, टेफ्लॉन टेप गुंडाळून झाली, फरक नाही. दुकानदार म्हणतो, अख्खं डोकं (मोटर आणि कॉक असलेला डब्याचा वरचा भाग) बदला. टाकीत मलप्रभेची बारीक वाळू आहे. तर डोकं बदलायचं का?

बहुतेक नाही, असं माझं उत्तर. ‘बहुतेक’ अशासाठी की फिल्टरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही आणि वरच्या व्हॉल्व्ह ब्लॉकची (दोन्ही कॉक असतात आणि नळ्या जोडतात त्या भागाची) बनावट प्रत्येकाची वेगळी असते. काहींचा ब्लॉक खटक्याने पूर्ण सुटून हातात येतो, काहींचे कॉक डोक्यातच कायमचे बसवलेले असतात. पहिला प्रकार असेल तर काही रुपयांच्या दोन रबरी रिंगांवर काम भागण्याची शक्यता खूप आहे. दुसरा असेल तर थोडी खटपट आहे, तिचं मॉडेल कळल्यावर बघू. बेळगावात दवाखान्यांतल्या, हॉटेलांतल्या, घरांतल्या टाक्या सांभाळणं हा माझा धंदा आहे. गळक्या फिल्टरचा फोन आला की मी पहिला प्रश्न ‘कुठून गळतो’ असा विचारतच नाही. ‘कधी गळतो’ हे विचारतो. कारण थेंब जिथे दिसतो तिथेच गळती असेल याचा भरवसा नसतो. वरच्या रिंगेतून निघालेलं पाणी डोक्याच्या कडेने फिरून पलीकडच्या क्लिपपाशी टपकतं, आणि माणूस क्लिप आवळत बसतो.

तुम्ही ‘कधी’चं उत्तर प्रश्नातच दिलंय, आणि रोगाचा अर्धा पत्ता त्यातच आहे. फिल्टर टाकीच्या खाली असतो. पाणी डब्यात येतं ते उताराने, मोटरीचं काम ते परत वर ढकलण्याचं. मोटर बंद असते तेव्हा आतल्या प्रत्येक सांध्यावर टाकीतल्या पाण्याच्या उंचीचा दाब बसलेला असतो. एक मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरला साधारण शंभर ग्रॅम. तुमच्या टाकीच्या पाण्यापासून कॉकपर्यंत पाऊण-एक मीटर धरा. म्हणजे दाब अगदी किरकोळ. मोटर सुरू झाली की मोटरीच्या अलीकडचा दाब उतरतो आणि पलीकडचा चढतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या बाजूचा सांधा गळत असेल तर तो मोटर चालू असताना जास्त गळतो. आत येणाऱ्या बाजूचा असेल तर मोटर बंद झाल्यावर. तुमची गळती ही या आत येणाऱ्या बाजूची.

पण एवढ्याने सगळं जुळत नाही. आत येणारी वाट मोकळी असेल तर मोटर चालू असतानाही तिथे थोडा दाब शिल्लक राहतो, थोडं पाणी झिरपायलाच हवं. तुमच्याकडे कोरडं राहतं, वर बुडबुडेही येतात. म्हणजे त्या सांध्यातून चालू मोटर बाहेरची हवा आत ओढते आहे. असं होण्यासाठी आत येणारी वाट कुठेतरी चांगलीच आवळलेली असावी लागते: पाणी ओढणाऱ्या नळीची जाळी तुंबलेली, नळी मुडपलेली, किंवा कॉक अर्धवट उघडा. तेव्हा तुमच्याकडे दुखणी दोन आहेत असं मी धरतो. एक, कॉकची रिंग धरत नाही. दोन, पाणी ओढायची वाट तुंबली आहे. नुसती रिंग बदललीत तर गळती थांबेल, पण मोटर उपाशीच राहील. नुसती जाळी साफ केलीत तर बुडबुडे जातील आणि मग मोटर चालू असतानाही गळायला लागेल. तेव्हा ‘साफ केल्यावर आणखी बिघडलं’ म्हणून घाबरू नका.

आता कामाकडे. आधी प्लग काढा. बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढा, आणि वायर बोर्डाकडे जाताना खाली झोळ घेऊन मग वर चढते आहे ना ते बघा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकेल, बोर्डात शिरणार नाही. कपाटात पाणी साचत होतं म्हणता, तर एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर अजिबात नको. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवून घ्या, फिल्टर मागाहून.

मग गळतीची खात्री. सगळं फडक्याने कोरडं पुसा. फिल्टर मोठ्या परातीत किंवा टबात ठेवा, खाली कालचा ‘तरुण भारत’ पसरा. वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंबसुद्धा लगेच काळपट उठतो, प्लॅस्टिकवर तो नजरेतून सुटतो. टिश्यू पेपरच्या पट्ट्या करून चार जागी लावा: नळीच्या नटाभोवती, कॉकच्या दांडीभोवती, ब्लॉक डोक्यात बसतो त्या फटीत, आणि डोकं डब्यावर बसतं त्या कडेला. मोटर बंद, कॉक उघडे, असं अर्धा तास सोडा. पहिली भिजलेली पट्टी ती खरी जागा. नंतर भिजलेल्या पट्ट्या ओघळाच्या असतात, त्यांच्या नादी लागू नका.

पावसाळ्यात हे करणार असाल तर एक सावधगिरी. खानापूर-बेळगावकडे आषाढात हवा इतकी दमट असते की विहिरीच्या थंड पाण्याने टाकी बदलली की डब्यावर आणि नळ्यांवर घाम सुटतो. गळती म्हणून मला बोलावलं आणि निघाला तो घाम, असंही होतं. घाम सगळीकडे सारखा असतो, गळती एका जागेपासून खाली ओघळते. पाणी बदलल्यावर काही तास थांबूनच चाचणी घ्या.

तुमच्या लक्षणांवरून ब्लॉकच्या फटीतली पट्टी आधी भिजेल असा माझा अंदाज. मग दोन्ही कॉक बंद करा, खटका उघडा, ब्लॉक सरळ वर उचला. तिरका ओढू नका. ब्लॉकच्या खाली दोन तोट्या दिसतील, प्रत्येकीवर एक किंवा दोन ओ-रिंग, म्हणजे त्या गोल रबरी रिंगा. बोटाने चाचपून बघा. चांगली रिंग गोल आणि लवचीक लागते. थकलेली रिंग बाहेरच्या अंगाला चपटी झालेली असते, कारण चार वर्षं ती एकाच जागी दाबली गेली आहे आणि आता परत फुगत नाही. ब्लॉक हलवत नाही तोपर्यंत ती आहे त्याच जागी चिकटून पाणी धरत असते. साफसफाईसाठी ब्लॉक काढून परत बसवला की जुना खळगा नव्या जागेवर येतो आणि गळती सुरू होते. ‘साफ केल्यानंतर सुरू झालं’ याचा अर्थ सहसा हाच. तुमच्या हातून काही मोडलं असं समजू नका.

रिंग काढायला दात कोरायची लाकडी काडी वापरा. सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खाचेला ओरखडा पडला की नवी रिंगही धरणार नाही. रिंग निघाल्यावर खाच नखाने तपासा. इथेच वाळूचा विषय येतो. मलप्रभेची वाळू दिसायला सुरेख, पण तिच्यातला बारीक भाग जाळीतून सहज आत ओढला जातो. एक कण रिंगेखाली अडकला की ती रिंग कितीही नवी असो, तिथून पाणी जाणारच. बोअरचं पाणी वापरत असाल तर खाचेत पांढरा क्षारही बसलेला असेल. किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्त्व, लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे, त्यात ब्लॉक अर्धा तास बुडवून ठेवा, जुन्या मऊ टूथब्रशने घासा, खळखळून धुवा. रिंगा त्यात टाकू नका. साबण तर कुठेच नको, माशांना तो सोसत नाही.

आता रिंग कुठून आणायची. कंपनीचा संच मिळाला तर तोच घ्या, डोकं लढवायची गरज नाही. मिळत नसेल तर तुमची सोय वाटेतच आहे. खानापूर रोडने बेळगावात शिरताना उद्यमबाग लागतं. तिथे हायड्रोलिकची आणि मशीनची एवढी कामं चालतात की ओ-रिंगा विकणारा सापडतोच. पण नुसती जुनी रिंग पुढे करून ‘अशीच द्या’ म्हणू नका, कारण जुनी चपटी झालेली आहे आणि तिची जाडी खोटं सांगते. आतला व्यास जुन्या रिंगेवरून घ्या. जाडी ठरवायला खाचेच्या तळापासून समोरच्या भिंतीपर्यंतची जागा व्हर्नियरने मोजा. रिंग त्या जागेपेक्षा थोडी जाड हवी, इतकी की बसल्यावर साधारण 15 ते 25 टक्के दबेल. जागा 2 मिलिमीटर असेल तर 2.4 किंवा 2.5 जाडीची रिंग बरोबर. इंच मापाच्या रिंगांत 1.78 आणि 2.62 अशा जाड्या येतात. दुकानदार 2.5 ऐवजी 2.62 देऊ करेल. ती बसते, पण खटका जड लागतो, आणि जड खटका जोराने दाबताना त्याचा कान तुटतो. मिळेल तोवर 2.5 च शोधा.

आणखी एक. तिथे ‘70 शोअर’ची (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप) नायट्राइल रबराची रिंग मागा. जास्त दाबाच्या हायड्रोलिक कामासाठी 90 ची कडक रिंग वापरतात आणि दुकानात तीही असते. लोखंडात ती उत्तम. आपल्या प्लॅस्टिकच्या तोटीवर एवढ्याशा दाबाला ती नीट बसतच नाही. दोन लागत असतील तर चार-सहा घेऊन ठेवा, फार पैसे जात नाहीत.

रिंग बसवण्याआधी सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. रिंग चमकली पाहिजे, ग्रीसचा थर दिसता कामा नये, नाहीतर त्यालाच वाळू चिकटते. पाण्याच्या आरओ मशीनची दुरुस्ती करणाऱ्यांकडे खाण्यापिण्याच्या वापराचं सिलिकॉन ग्रीस असतं, त्यांच्याकडून थोडं मिळतं. व्हॅसलीन लावायचा सल्ला तुम्हाला सगळे देतील. नायट्राइल रबराला ते एकवेळ चालतं, पण ईपीडीएम नावाचं दुसरं रबर पेट्रोलियमच्या पदार्थाने फुगतं आणि काळी रिंग बघून कोणतं रबर ते ओळखता येत नाही. खोबरेल तेलही नको. स्वयंपाकघरातल्या कुठल्याच वस्तूची इथे गरज नाही.

ब्लॉक परत बसवताना सरळ खाली दाबा, मग खटका लावा. खटका अडला तर उघडा, रिंग कुठे मुडपली आहे का बघा, पुन्हा बसवा. जोर करू नका. कॉकचं दुखणं आवळून जात नाही, हे मी गिऱ्हाइकांना सतत सांगतो, कारण आवळण्यानेच निम्मे ब्लॉक तडकलेले बघतो. एवढ्या कमी दाबाला पाणी अडतं ते रिंग आणि तिची बैठक नीट असली की. टेफ्लॉन टेप तर इथून काढूनच टाका. लोखंडी पाइपच्या आट्यांना ती ठीक. इथे पाणी आट्या अडवत नाहीत, आत दबलेली नळी किंवा वायसर अडवतो. टेपची जाडी मध्ये आली की नट पूर्ण खाली उतरत नाही आणि नटाची कॉलर तडकते.

फटीतली पट्टी कोरडी राहून दांडीभोवतीची भिजली तर गोष्ट वेगळी. कॉक फिरतो त्या दांडीवर आत आणखी एक लहान रिंग असते. काही मॉडेलांत दांडी स्क्रू किंवा क्लिप काढून बाहेर येते, मग वरचीच कृती. काहींत ती कायमची बंद असते. तेव्हा एक उपाय आधी करून बघण्यासारखा: ब्लॉक सुटा करून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा, कॉक पुष्कळदा उघडझाप करा, धुवा, दांडीच्या कडेने थोडं ग्रीस सोडा आणि परत फिरवा. क्षार किंवा वाळू अडकली असेल तर बंद होतं. रिंगच झिजली असेल तर काही दिवसांत परत गळेल, आणि मग ब्लॉक बदलायचा. ब्लॉक. अख्खं डोकं नव्हे. डोक्याच्या खालच्या अंगाला किंवा डब्यावर मॉडेल नंबर उठवलेला असतो, तो दाखवून सुटा व्हॉल्व्ह ब्लॉक मागा. बऱ्याच कंपन्या तो वेगळा विकतात. दुकानदार डोकं सुचवतो कारण त्याच्याकडे सुटे भाग नसतात. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितलं असतं.

नटाभोवतीची पट्टी भिजली तर बहुधा नळीचा दोष. चार वर्षांत पीव्हीसी नळी कडक होते आणि टोकाला मोठी होऊन बसते. टोकाचे दोन-तीन सेंटिमीटर काटकोनात सरळ कापून टाका, नवं टोक गरम पाण्यात मिनिटभर धरा, तोटीवर पूर्ण चढवा, नट हाताने आवळा. पाना नको. नळी कपाटातून बाहेर येताना कॉकला एका बाजूला ओढत नाही ना हेही बघा. अशी कायमची ओढ असेल तर वरची नवी रिंगही एका अंगाने लवकर चपटी होते. नळी बदलायचीच झाली तर आतला आणि बाहेरचा असे दोन्ही व्यास सांगा. 12/16 आणि 16/22 मिलिमीटर ही नेहमीची मापं.

डोकं आणि डब्यामधली मोठी रिंग कुकरच्या रिंगेसारखीच: काढून धुवायची, पुसायची, खाच साफ करायची, आणि कधीतरी नवी आणायची. तिच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

प्लॅस्टिकला तडा दिसला तर दुरुस्तीचा नाद सोडा. दोन पुड्या मळून लावायची एपॉक्सी या प्लॅस्टिकला नीट धरत नाही, आणि झटपट गोंद ठिसूळ होऊन मोटरीच्या थरथरीने सुटतो. हलत्या कॉकजवळ तर काहीच चिकटवू नका. रात्री तीनला टाकी रिकामी होण्यापेक्षा नवा ब्लॉक परवडतो.

टाकी रिकामी होणं म्हणजे किती, हेही सांगतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चारेक लिटर. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद टाकीत पाण्याचा एक सेंटिमीटर म्हणजे साडेतीन लिटर. म्हणजे थेंब-थेंब गळतीने दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उतरतं, ते लक्षात येतं. पण ब्लॉक निसटला तर पाणी ओढणाऱ्या नळीच्या जाळीपर्यंत सगळं खाली येईल, कारण सायफन तिथपर्यंत तुटत नाही. तुमच्याकडे लाइट जाते आणि गळतीही नेमकी तेव्हाच होते, म्हणून एक सुचवतो. पाणी ओढणाऱ्या कडक नळीला पाण्याच्या पातळीखाली पाच-सहा सेंटिमीटरवर 3 मिलिमीटरचं भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. तोटा एवढाच की उन्हाळ्यात पाणी आटून पातळी भोकाखाली गेली तर मोटर हवा ओढेल आणि आवाज करेल. मग पाणी भरा. भोकात शेवाळ साचतं, महिन्यातून एकदा काडी घाला.

आता दुसरं दुखणं, तुंबलेली वाट. जाळी काढून धुवा. नळीतून लांब ब्रश फिरवा, आतला चिकट थर निघाला की फरक लगेच कळेल. कॉकच्या आतल्या भोकातही वाळू असते, ती उघडझाप करून पाण्याने धुऊन काढा. जाळी वाळूपासून सात-आठ सेंटिमीटर वर घ्या आणि तिच्यावर जाड छिद्रांचा स्पंज चढवा. स्पंज आठवड्याला पिळावा लागेल, नाहीतर वाट परत तोच तुंबवेल. आधी आणि नंतर एकदा मोजून ठेवा: बाहेर येणारी नळी दहा लिटरच्या बादलीत सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. एक मिनिट लागलं तर तासाला 600 लिटर. खोक्यावर छापलेला आकडा भरलेल्या फिल्टरला कधीच येत नाही, त्याच्याशी तुलना करू नका. तुमची तुलना तुमच्याच साफ फिल्टरशी.

हे सगळं चालू असताना फिल्टरमधला स्पंज आणि गाळणीचे रिंगा-दगड (रबरी रिंगा नव्हेत) नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांतले पाणी स्वच्छ ठेवणारे जीवाणू मारतं. टाकीचंच पाणी बादलीत घेऊन त्यात ते बुडवून ठेवा, हवेचा दगड (हवेच्या पंपाच्या नळीला लावतात तो) सोडा. रिंग आणायला बेळगावला येऊन जाईपर्यंत दिवस गेला तरी चालेल. मात्र डबा बंद ठेवून त्यात तेच पाणी तासन्‌तास राहिलं असेल, लाइट गेल्यामुळेसुद्धा, तर सुरू करण्याआधी ते आधी ओतून टाका. ते कुजकं पाणी टाकीत गेलं की मासे वर येऊन तोंड मारायला लागतात.

स्पंज आणि रिंगा-दगड बादलीतच ठेवून बाकी सगळं जोडून झाल्यावर फिल्टर परातीतच, वर्तमानपत्रावर, आधी एक रात्र मोटर बंद आणि कॉक उघडे ठेवून सोडा. तुमची गळती बंद मोटरीची आहे, तेव्हा चाचणीही तशीच हवी. हवेचा दगड टाकीत आणि बादलीत चालू ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर डब्यातलं पाणी ओतून, स्पंज आणि रिंगा-दगड आत ठेवून, टाकीच्या पाण्याने परत भरून मोटर सुरू करा आणि दिवसभर तशीच बघा. कागद ओला असेल तर कोणती पट्टी आधी भिजली ते, मॉडेल नंबर आणि ब्लॉकच्या खालच्या बाजूचा फोटो, एवढं पाठवा.